कुत्र्याभोवतीचे लाकूड

उभ्या कुत्र्याची आकृती लाकडाच्या ठोकळ्यावर एकदा बाजूने आणि एकदा समोरून काढून पाहिली, की कुत्र्यापेक्षा त्याच्याभोवतीचे लाकूडच जास्त आहे हे ध्यानात येते. पोटाखालची चौकोनी जागा, पायापायांमधल्या फटी, हनुवटीखालचा कोपरा, डोक्याच्या मागून शेपटीपर्यंत पाठीवर बसलेला लांबलचक थर, हे सगळे मिळून ठोकळ्याचा निम्म्याहून मोठा भाग होतो आणि तो सगळा जायचा असतो. कोरीव कामाविषयी बोलताना डोळे, नाक आणि केसांच्या वळणांचे कौतुक होते, पण कोरणाऱ्याचा वेळ, घाम आणि धाकधूक यांचा मोठा वाटा हे जादा लाकूड काढण्यातच खर्ची पडतो. तरीही या टप्प्याकडे हमालीचे काम म्हणून पाहिले जाते. ते एकदाचे उरकले की खरी कला सुरू होईल, असा सूर असतो.

‘कुत्रा कसा कोरायचा? जे कुत्र्यासारखे दिसत नाही ते काढून टाकायचे,’ हा विनोद सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. सांगणाऱ्यागणिक कुत्र्याच्या जागी हत्ती किंवा घोडा येतो, एवढाच काय तो फरक. विनोद चांगला आहे, परंतु कामाला बसलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण कुत्रा नसलेले सगळे लाकूड त्यात एकाच मापाने मोजले आहे. पाठीवरचा थर आणि दोन मागच्या पायांमधले लाकूड ही दोन्ही ‘जादा’ असली तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिला थर कधीही आणि कशानेही काढला तरी बिघडत नाही. दुसरे लाकूड मात्र बारीक पायांना शेवटपर्यंत आधार देत असते आणि घाईने काढले तर त्याच्यासोबत पायही जातो. नाकाच्या शेंड्यापुढचे चार-पाच मिलिमीटर तर तिसऱ्याच जातीचे: ते जायचे आहेत, पण किती जायचे हे डोळ्यांच्या जागा ठरल्याशिवाय कळत नाही. हत्यार निवडताना मी पाहतो ते एवढेच, की समोरच्या लाकडाबद्दल माझा निर्णय कितपत पक्का झाला आहे. निर्णय पक्का असेल तिथे हत्यार कितीही वेगवान चालेल. जिथे तो अजून डोळ्यांत घोळतो आहे तिथे हत्याराने डोळ्यांच्या पुढे धावू नये.

त्यामुळे कोणती पटाशी, कोणती करवत हा प्रश्न मला नेहमी एक पायरी लवकर विचारलेला वाटतो. त्याआधी कुत्रा उभा आहे, बसला आहे की पाय पसरून पडला आहे, हे ठरावे लागते, आणि लाकडाची रेषा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कुत्र्याच्या अंगातून कशी जाणार हे ठरावे लागते. रेषेच्या दिशेने लाकूड चिवट असते, पण रेषा आडवी गेलेला बारीक भाग बोटाच्या दाबानेही तुटतो. उभ्या कुत्र्याचे चार पाय हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असल्याने रेषा पायांच्या लांबीतून, म्हणजे उभी, घेणे शहाणपणाचे. मग धड आडव्या रेषेचे झाले तरी ते जाड असल्याने निभावते. थुंटणीत, म्हणजे नाकातोंडाच्या पुढे आलेल्या भागातही, रेषा आडवी येते, पण तिथेही जाडी बरीच असते. अडते ते शेपटीवर. मागे सरळ ताठ धरलेली शेपटी अशा ठोकळ्यात टिकत नाही. ती खाली सोडावी, पाठीवर वेटोळी करून टेकवावी, नाहीतर वेगळ्या तुकड्यातून कोरून खुंटीने आणि सरसाने बसवावी, एवढेच मार्ग उरतात.

वेगळा तुकडा जोडणे ही काहींना फसवणूक वाटते, मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला फिरत्या चक्रांवर बसवण्यासाठी जी लाकडी जनावरे कोरली गेली, त्यांची धडे फळ्या जोडून आतून पोकळ केलेली असत आणि पाय वेगळ्या लाकडातून, रेषा त्यांच्या लांबीने धरून केलेले असत. मोठाले पोट भरीव ठेवायचे, त्याचे वजन आणि तडे सोसायचे, यात त्या कारागिरांना काही अर्थ दिसला नाही, आणि त्यांच्या जनावरांवर बसून पिढ्यान्‌पिढ्यांची मुले फिरली.

जुन्या लाकडी कुत्र्यांकडे या नजरेने पाहिले की त्यांच्या बसण्याउठण्यामागचा विचार दिसू लागतो. १९२२ साली सापडलेल्या तूतनखामुनच्या थडग्यात अनुबिस या देवाची, कोल्हा म्हणा की कुत्रा म्हणा, अशी एक लाकडी मूर्ती होती. काळ्या रंगाची आणि ठिकठिकाणी सोन्याचा मुलामा दिलेली ही मूर्ती एका पेटीवर पुढचे पाय लांबवून बसली आहे. त्या बैठकीचा अर्थ राखणदारीचा आहे हे खरेच, पण कोरणाऱ्याच्या बाजूने पाहता त्या बैठकीत पोटाखालून लाकूड काढण्याची कटकटच उरत नाही. नाजूक म्हणावे असे उभे टोकदार कान आणि मागच्या बाजूने खाली सोडलेली शेपटी एवढेच. क्योतोच्या कोझान-जी मंदिरात तेराव्या शतकातले एक लाकडी पिल्लू आहे. ते तांकेई या मूर्तिकाराचे मानले जाते आणि म्योए या भिक्षूचे ते लाडके होते असे सांगतात. पिल्लू हा विषयच कोरणाऱ्याला धार्जिणा आहे: अंग गोल, पाय आखूड आणि जाड, सगळे कसे एकमेकांजवळ. नव्याने शिकणाऱ्याने शिकारी कुत्र्याच्या कमरेची बारीक कमान पाहून मोहित होण्याआधी एखादे पिल्लू करून पाहावे, असे माझे मत आहे.

ठोकळ्यातून सर्वांत जास्त लाकूड सर्वांत कमी वेळात काढते ती करवत, आणि त्यातही बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखे सलग पाते दोन चाकांवर फिरवणारी यंत्राची करवत. बाजूची आकृती कापायची, निघालेले तुकडे फेकून न देता चिकटपट्टीने पुन्हा जागच्या जागी बसवायचे, म्हणजे ठोकळा परत चौकोनी होतो, दुसऱ्या बाजूवरची रेखाकृती शाबूत राहते आणि टेबलावर टेकायला सपाट बूडही मिळते; मग समोरची आकृती कापायची. चिकटपट्टी सोडली की चारी बाजूंनी तुकडे गळून पडतात आणि आत कोनाकोनांचा कुत्रा उभा असतो. पात्याच्या रुंदीचा विचार तेवढा आधी केलेला असावा: सहा मिलिमीटर रुंदीचे पाते साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत वळते, त्याहून आवळ वळण घ्यायला गेले की पाते पिळवटते आणि लाकूड जळते. गळ्याखालच्या किंवा मागच्या पायाच्या खुब्यामागच्या वळणात म्हणूनच एका दमात शिरू नये. बाहेरून रेखाकृतीपर्यंत सरळ काप घेऊन ठेवले तर लाकूड तुकड्यातुकड्यांनी सुटते.

बँडसॉचे एवढे गुणगान केल्यावर माझी तक्रारही सांगायला हवी. ही करवत सगळी कुत्री नाकासमोर बघणारी करते. दोन बाजूंनी कापलेली आकृती आपोआपच डावी-उजवी सारखी होते, मान सरळ, चारी पाय जोडीजोडीने, आणि कुत्रा परेडला उभा असल्यासारखा दिसतो. खरा कुत्रा असा फार क्वचित उभा राहतो. कोणीतरी आल्याची चाहूल लागली की अंग तसेच राहते आणि मान तेवढी वळते, एका पुढच्या पायावरचा भार कमी होतो, कान दोन वेगळ्या दिशांना जातात. कुत्र्याचे कुत्रेपण त्या वळण्यात आहे. वळलेली मान हवी असेल तर समोरच्या बाजूने डोके आणि मान यांच्या भागात करवत लावायचीच नाही, तिथला चौकोन जसाच्या तसा ठेवायचा आणि पाठीपासून मागचाच भाग कापून घ्यायचा. मग डोके त्या चौकोनात पटाशीने हवे तिकडे फिरवता येते. अनेकांच्या कामात माना सरळ असतात त्याचे कारण त्यांना सरळ माना आवडतात असे नसून हत्याराची निवड पवित्र्याच्या आधी झालेली असते, असा माझा संशय आहे.

यंत्राची करवत नसेल तर हातकरवतीने पाठीवरच्या थरात बोटबोटभर अंतराने, रेखाकृतीच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबणारे उभे काप घ्यावेत आणि मधल्या फाका जाड पटाशीने उडवाव्यात. रेषा उभी असेल तर मात्र या फाका त्याच रेषेने, पार खालपर्यंत चिरत जाऊ शकतात, तेव्हा आधी आडवा काप घेऊन चिरेला अडसर करून ठेवावा. छाती आणि पायांच्या बाजूला हीच गोष्ट उलट उपयोगाची ठरते: खांद्याखाली आडवा काप घेतला, की पायाच्या बाहेरच्या बाजूचे जादा लाकूड वरून एका ठोक्यात सबंध ढलपीने सुटते. फक्त लाकडात गाठ नसावी, आणि रेषा खरोखर सरळ आहे की आत वळली आहे हे ठोकळ्याच्या कडेवर पाहून घेतलेले असावे.

अँगल ग्राइंडरला, म्हणजे हातात धरून चालवायच्या फिरत्या चकतीच्या यंत्राला, कोरणीची दातेरी चकती लावून काम करणाऱ्यांचा वेग थक्क करतो. गुडघ्याएवढा कुत्रा ओंडक्यातून काढायचा असेल तर हातपटाशीचा हट्ट धरणे म्हणजे अंगाचे हाल करून घेणे, हे मान्य. पण बहुतेक छोटे ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात, चकतीची कड लाकडात अडकली तर यंत्र उसळी मारते, आणि त्या उसळीच्या वाटेत पाय, मनगट किंवा चेहरा असू नये याची व्यवस्था आधीच करावी लागते: संरक्षक कवच काढायचे नाही, दोन्ही हात यंत्रावर ठेवायचे आणि लाकूड पक्के आवळलेले असावे. तळहातावर मावणाऱ्या कुत्र्याला हे यंत्र लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. पोटाचा वक्र कुठे संपतो हे कळायच्या आत तो संपलेला असतो. छोट्या फिरत्या बिटांचे रोटरी टूल सौम्य आहे, नखे आणि नाकपुड्यांना ते छान चालते, परंतु नरम लाकडात ते तंतू कापण्याऐवजी उसवते आणि पृष्ठभाग लव आल्यासारखा होतो. ती लव मग काचकागदाने घालवत बसावे लागते.

शिवाय धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले आहे. पटाशीच्या ढलप्या जमिनीवर पडतात, झाडून टोपलीत भरता येतात. यंत्राची बारीक धूळ हवेत राहते. शिसवासारख्या काही लाकडांची धूळ त्वचेला आणि श्वासालाही झोंबते. यंत्र वापरायचेच तर नीट बसणारा मास्क आणि धूळ ओढून घेणारी सोय यांना पर्याय नाही.

माझे मन रमते ते गोल, म्हणजे वक्र पात्याच्या, पटाशीत. या पटाश्यांना वक्रतेचा एक आकडा असतो आणि रुंदी मिलिमीटरमध्ये वेगळी दिलेली असते. आकडेपद्धती कारखान्यागणिक थोडी बदलते, पण १ म्हणजे सपाट, ३ म्हणजे जेमतेम खोलगट, ११ म्हणजे खोल नळीसारखी, एवढे सगळीकडे चालते. जादा लाकूड काढायला नवखा माणूस हमखास रुंद आणि सपाट पटाशी उचलतो, कारण तिने एका ठोक्यात जास्त निघेल असे वाटते. तिचे दोन्ही कोपरे लाकडात बुडतात आणि तिथले तंतू कापले न जाता फाटतात. साधारण ७ किंवा ८ आकड्याची, २० ते २५ मिलिमीटर रुंदीची गोल पटाशी घेतली, तिची दोन्ही टोके पृष्ठभागाच्या वर राहतील एवढीच ती रुतवली आणि रेषेला आडवी चालवली, की ढलपी दोन्ही कडांना स्वच्छ कापलेली निघते. मोगरीचा ठोका बेताचा असावा. हात खांद्यापासून उचलण्याचे कारण नसते. ढलपी पात्यावरून वर चढते, कुरळी होते आणि पुढच्या ठोक्याला टचकन सुटते. तिच्या खालची खाच धार चांगली असेल तर चकाकते, आणि फाटत असेल तर पांढुरकी, खरबरीत दिसते. आवाजही बदलतो: बरोबर चाललेल्या पटाशीचा ठोका मोकळा असतो, रेषेच्या पोटात घुसलेल्या पटाशीचा बद्द.

मानेपाशी हे सगळे कसाला लागते. मान ही खांदे आणि डोके या दोन जाड भागांमधली बारीक जागा. खांद्याकडून वर आणि डोक्याकडून खाली असे दोन्हीकडून कापत येऊन सर्वांत बारीक जागी भेटायचे. एका बाजूने सुरू करून तीच पटाशी दुसऱ्या बाजूला चढवली, तर ती रेषेत शिरून गालाची किंवा कानामागची कपची उचलते. ‘उताराकडे कापावे’ असे पुष्कळदा शिकवतात. ते आडव्या रेषेच्या लाकडाला लागू पडते, पण उभ्या रेषेच्या कुत्र्यात खांद्याकडून मानेवर चढतानाचा काप बरोबर असतो. म्हणून मी मनाशी ‘जाडीकडून बारकाईकडे’ असे धरतो. कोपराच्या फुगीर भागावरून वर आणि खाली दोन्हीकडे, छातीकडून पायाकडे, मांडीकडून घोट्याकडे, सगळीकडे ते निभते.

मांडीचा विषय निघालाच आहे तर कुत्र्याच्या मागच्या पायाबद्दल दोन शब्द, कारण नको तिथले लाकूड इथेच जास्त जाते. मागच्या पायात मागे निघालेला जो कोन दिसतो त्याला लोक गुडघा समजतात, तो असतो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पुढे तोंड करून असतो. कुत्रा बोटांवर चालतो, टाच उचललेलीच असते. हे माहीत नसले की मांडीच्या पुढचे लाकूड फाजील समजून काढले जाते आणि मागचे पाय खुर्चीच्या पायांसारखे होतात. पुढच्या पायांवर उभ्या कुत्र्याचा सुमारे साठ टक्के भार असतो, म्हणून ते सरळ खांबासारखे आणि छातीला लागून चांगले जाड ठेवले तर डोळ्यालाही खरे वाटते आणि लाकडालाही सोसते.

पायांमधले लाकूड काढायला करवतीपेक्षा गिरमिट किंवा ड्रिल मला बरे वाटते. रेखाकृतीच्या आत राहून भोके पाडायची, त्यांच्यामधल्या भिंती अरुंद पटाशीने फोडायच्या आणि पोकळी वरून खाली वाढवत न्यायची. वरून खाली अशासाठी, की पंज्यांच्या पातळीला चारी पाय एकमेकांना जोडणारी एक पट्टी तशीच राहते. पाय बाहेरून पूर्ण आकाराला येईपर्यंत तिला हात लावू नये. पोटाच्या खालच्या बाजूला पटाशी नीट पोहोचत नाही, ठोका बसत नाही, आणि तिथे गोल पाठीची कानस जे काम करते त्याला तोड नाही. कानशीला कोरीव कामात दुय्यम मानतात याचे मला नवल वाटते. ती रेषेकडे पाहत नाही, कपची उचलत नाही, आणि इतक्या संथपणे लाकूड कमी करते की बरगड्यांचा फुगवटा आणि कमरेची आत गेलेली कमान हाताखाली चाचपत ठरवता येतात.

चेहऱ्याशी पोहोचेपर्यंत हत्यार हातात मावणाऱ्या चाकूवर किंवा तीन-चार मिलिमीटरच्या पटाशीवर आलेले असते. इथे जादा लाकूड हे जपून खर्च करायचे भांडवल आहे. थुंटणी लांब राहिली तर आखूड करता येते, कान जाड राहिले तर पातळ करता येतात, परंतु कपाळ आणि थुंटणी यांच्यामधला खळगा खोल गेला की नाक, भुवया, गाल सगळे त्याच्या मागे मागे न्यावे लागते आणि डोके बघता बघता लहान होते. म्हणून दोन्ही डोळ्यांच्या जागी आधी फुगीर माती असावी तसे लाकूड ठेवून बाकी सगळे बसवावे आणि डोळे शेवटी कोरावेत. काचकागद त्याआधी चुकूनही लावू नये, कारण त्याची कणी लाकडात रुतून बसते आणि नंतर फिरवलेल्या पटाशीची धार खाते.

धारेविषयी फार लिहीत नाही. नरम लाकडाला वीस अंशांच्या आसपास, कठीण लाकडाला पंचवीस किंवा थोडी अधिक उताराची धार ठेवावी आणि चामड्याच्या पट्ट्यावर वरचेवर पुसत राहावे. मोठा ओंडका ओला असताना कोरायला सोपा जातो खरा, पण लाकूड वाळताना खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते, आणि मधला गाभा आत राहिला तर तडा ठरलेला. ढोबळ आकार काढून, शक्य असेल तर गाभा असलेला भागच जादा लाकडात घालवून, तो आकार सावलीत वाळू द्यावा. बारीक काम त्यानंतर.

सर्वांत शेवटी निघते ते पंज्यांखालचे लाकूड. ठोकळ्याला खालून दोन-तीन सेंटिमीटर जादा ठेवलेले असतात ते शिकंज्यात पकडण्यासाठी, आणि एवढा वेळ सगळे ठोके त्यांनीच सोसलेले असतात. ओढताना कापणारी, पातळ पात्याची बारीक दातांची करवत घेऊन ते कापावेत. दाबून कापणाऱ्या करवतीने सुटे पाय हादरतात. कापल्यावर कुत्रा डुगडुगतो, त्याचा बाऊ करू नये. काचेवर पेन्सिलीचे शिसे घासून त्यावर कुत्रा टेकवावा, ज्या पंज्यांना काळे लागेल ते लांब आहेत. तेवढेच पटाशीने किंचित खरवडून पुन्हा टेकवून पाहावे, आणि चारी पंजे काळे झाले की थांबावे.